द्राक्षाच्या काड्यांची नाताळची रीथ आणि तिच्यावरचा खडूफळा

कृष्णाकाठ (सांगली)

डिसेंबर लागला की सांगली-मिरजेच्या बाजारात प्लास्टिकच्या हिरव्या सुयांच्या तयार रीथ, म्हणजे नाताळात दारावर लावायची पानांची गोल कडी, टांगलेल्या दिसू लागतात. त्या विकत घेण्यात गैर काही नाही, परंतु उन्हाने त्यांचा रंग लवकर उडतो, सुया गळू लागतात आणि पुढे ती वस्तू जाळताही येत नाही व पुरताही येत नाही. ज्या जिल्ह्यात छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडून राहतात, तिथे रीथसाठी लागणारे कडे विकत आणावे, हे मला पटत नाही. परदेशात द्राक्षवेलीच्याच काड्या वळून केलेली कडी हस्तकलेच्या दुकानांत पैसे देऊन घेतली जातात आणि आपण तोच माल पेटवून देतो. म्हणून या धाग्यात काड्यांचे कडे, त्यावरची पाने आणि मधोमध लिहिण्यासाठी एक लहान खडूफळा अशी रीथ कशी करावी, ते सविस्तर लिहीत आहे. कडे आणि फळा वर्षानुवर्षे टिकतात. बदलायची ती फक्त पाने आणि फळ्यावरची अक्षरे.

कड्यासाठी पेन्सिलीपेक्षा थोड्या बारीक, सरळ वाढलेल्या आणि शक्य तितक्या लांब काड्या निवडाव्यात. वाळलेली काडी वाकवायला गेल्यास पेराशी कटकन मोडते. त्यासाठी काड्या रात्रभर पाण्याच्या टाकीत किंवा मोठ्या घमेल्यात बुडवून ठेवाव्यात आणि वर वजन ठेवावे, कारण त्या तरंगतात. भिजलेली काडी वळताना करकरते, पण तुटत नाही. सर्वांत लांब दोन काड्या एकत्र धरून त्यांचा साधारण ४० सेंटिमीटर व्यासाचा फेरा करावा, टोके एकमेकांत अडकवावीत, आणि मग उरलेली प्रत्येक काडी त्या फेऱ्याभोवती पीळ देत गुंडाळत न्यावी. प्रत्येक काडीचा आरंभ आधीच्या काडीच्या शेवटापासून जरा दूर ठेवला की कडे सगळीकडे सारख्या जाडीचे होते. वेलीचे वाळलेले तणावे काढून टाकू नयेत, कारण त्या वळलेल्या बारीक तारांमुळेच हे कडे वेताच्या कड्यापेक्षा वेगळे आणि जिवंत दिसते. पीळ नीट बसला तर तार लागत नाही. तरीही तीन-चार ठिकाणी बांधकामाची काळी बाइंडिंग तार आवळून तिची टोके मागच्या बाजूस दाबून टाकावीत. कडे सपाट जागी, वर पाट ठेवून सावलीत वाळवावे. उन्हात घाईने वाळवलेले कडे पापडासारखे वेडेवाकडे होते.

पानांसाठी सुरूच्या फांद्या उत्तम. पाईनच्या सुयांचा भास त्यांच्याइतका दुसऱ्या कशानेही येत नाही आणि सुरूची लहान बोंडेही आयती मिळतात. बागेतली मोरपंखी, नीलगिरी आणि बाजरीची वाळलेली कणसेही चालतात. वीतभर लांबीच्या जुड्या करून त्या एकाच दिशेने, आधीच्या जुडीचे देठ पुढच्या जुडीच्या पानांखाली झाकत बांधत जावे. संपूर्ण कडे झाकण्याचा मोह टाळावा. माझ्या मते खालच्या डाव्या बाजूला एक दाट चंद्रकोर पानांची ठेवून उरलेल्या काड्या उघड्या ठेवल्या, तर फळाही उठून दिसतो. लाल रंगासाठी वाळलेल्या मिरच्यांचा घोस शोभतो. मात्र घरात लहान मूल असेल तर तो हाताला लागणार नाही अशा उंचीवर बांधावा. गुंजा दिसायला सुरेख असल्या तरी त्यांचे बी विषारी असते, म्हणून त्या मी दारावर लावत नाही.

आता फळा. प्लायवूडच्या दुकानात ४ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) तुकडे उरलेले असतात. १५ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्यावा. त्याचे वजन जेमतेम १०० ग्रॅम भरते. कडा आणि पृष्ठभाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, प्रायमरचा एक हात देऊन, ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात द्यावेत: पहिला आडवा, आणि तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. ब्रशपेक्षा फोमचा लहान रोलर बरा, कारण ब्रशच्या रेषांमध्ये खडूची पूड अडकून बसते. रंग हाताला कोरडा लागला तरी तीन दिवस त्यावर काहीही लिहू नये. तीन दिवसांनी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करावा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाकावा. ही पायरी अनेक जण गाळतात. नव्या रंगाची सूक्ष्म छिद्रे अशा प्रकारे पुडीने भरून घेतली नाहीत, तर पहिल्यांदा लिहिलेली अक्षरे त्या छिद्रांत बसतात आणि पुसल्यावरही भुतासारखी मागे दिसत राहतात.

फळ्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांना ३ मिलिमीटरचे छिद्र पाडून सुतळी ओवावी. एक हिशेब आधी करावा: १५ बाय २० च्या फळ्याचा कर्ण २५ सेंटिमीटर येतो. कड्याचा आतला व्यास त्यापेक्षा कमी असेल तर फळ्याचे कोपरे कड्यावर टेकतात आणि तो वाऱ्याने हलत नाही. फळा आत मोकळा लोंबता हवा असेल तर आतला व्यास २८ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा लागेल.

द्राक्षबाग (तासगाव)

ताई, लेख आवडला. काड्यांबद्दल बागायतदाराच्या नजरेतून थोडी भर घालतो.

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरडछाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, जिला आम्ही गोडी छाटणी म्हणतो. फळछाटणीत मालकाडीचा, म्हणजे फळ धरणाऱ्या काडीचा, फक्त शेंड्याकडचा भाग उडवला जातो, त्यामुळे हाती येणारे तुकडे बहुधा हात-दीड हाताचे असतात. खरडछाटणीत मात्र काडी एक-दोन डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) राखून ओलांड्यापासूनच, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपासूनच, काढली जाते, म्हणून लांब काड्या तेव्हाच मिळतात. आपण लिहिलेल्या फेऱ्यासाठी मूळच्या दोन लांब काड्या एप्रिलच्या आणि त्यावर गुंडाळायच्या काड्या ऑक्टोबरच्या, अशी जुळणी केली तर काम सोपे होईल. छाटणीच्या दिवशीच काड्या नेल्या तर भिजवण्याची गरज राहत नाही. ताज्या काडीचे कडे तिथेच बांधावर बसून वळावे आणि नाताळापर्यंत घरात टांगून ठेवावे. डिसेंबरात बागेत येऊन काड्या मागणाऱ्यांना आम्ही काय देणार? तोवर त्यांचे खत तरी झालेले असते किंवा राख तरी.

दोन सूचना मात्र गंभीरपणे घ्याव्यात. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वेलीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते रसायन त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे. म्हणून पेस्ट लावलेल्या बागेत कोणीही उघड्या हातांनी शिरून वेलीवरच्या काड्या मोडून घेऊ नयेत. छाटून खाली पडलेला माल पेस्टच्या आधीचा असतो, तोच मालकाला विचारून घ्यावा. त्यावरही हंगामभराच्या फवारण्यांचा अंश असतो, त्यामुळे भिजवलेले पाणी एकदा बदलावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरे असे की सालीखाली कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो मिलीबग असतो. बारीक भोक आणि त्याखाली भुसा दिसला तर आत खोडकिडा असतो. अशी काडी घरी नेऊ नये.

जुनी पाटी (विटा)

एमडीएफ कापा, रंगवा, तीन दिवस थांबा, या सगळ्याऐवजी माळ्यावरची दगडी पाटी का वापरू नये? लाकडी चौकटीची पाटी अजूनही पुष्कळ घरांत दसऱ्याच्या पाटीपूजनासाठी जपून ठेवलेली असते. तिला पुडीने भरून घेण्याची गरज नाही आणि ओल्या फडक्याने पुसली की ती कोरी होते. अडचण वजनाची आहे. १८ बाय २५ सेंटिमीटरची दगडी पाटी चौकटीसह अर्धा किलोच्या पुढे जाते, म्हणून तिला केवळ सुतळीवर न टांगता चौकटीच्या खालच्या बाजूनेही तारेने कड्याला आवळावे. पत्र्याची पाटी हलकी असते, परंतु तिच्यावर खडू जरा घसरतो.

दगडी पाटीवर पेन्सिलीची रेघ बारीक आणि राखाडी उमटते. ती हातात धरून वाचायला ठीक, पण फाटकातून येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून दारावरच्या पाटीसाठी खडूच घ्यावा. उलट, रंगवलेल्या फळ्यावर पाटीवरची पेन्सिल कधीही चालवू नये, कारण तिने रंग कायमचा खरवडला जातो.

मी अनेक वर्षे शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिले आहेत, तेव्हा अक्षरांबद्दल दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. इंग्रजी अक्षरे तळरेषेवर उभी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात आणि वर मात्रा, खाली उकार अशा दोन्ही बाजूंना जागा मागतात. लहान फळ्यावर गर्दी होते ती नेमकी तिथेच. ओळीसाठी ठेवलेल्या उंचीचे पाच भाग करावेत: वरचा एक मात्रा-वेलांटीसाठी, मधले तीन अक्षरांसाठी आणि खालचा एक उकारासाठी. ‘शुभ नाताळ’ हा मजकूर या दृष्टीने फार सोयीचा आहे. यात शिरोरेषेच्या वर काहीच जात नाही, म्हणून वरचा भाग सोडण्याची गरज राहत नाही आणि अक्षरे मोठी काढता येतात. ‘शु’चा उकार तेवढा खालच्या ओळीच्या ‘ना’वर आदळू नये, यासाठी दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवावे. याउलट ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहायला गेल्यास ‘र्दि’वर रफार आणि वेलांटी एकमेकांत शिरतात आणि ‘च्छा’ची पोकळी खडूच्या जाडीने बुजून जाते. एवढा मजकूर हवाच असेल तर फळा दुप्पट मोठा घ्यावा.

शिरोरेषा आधी पट्टीने अगदी पुसट आखावी, तिच्याखाली सर्व अक्षरे लिहावीत आणि शेवटी ती एका दमात गडद करावी. आधीच गडद केली तर अक्षरे लिहिताना हाताच्या कडेने ती फासली जाते. खडूचे टोक पॉलिश पेपरवर तिरके घासून पाचरीसारखे करावे. त्या टोकाने उभा दंड जाड आणि तिरकी रेघ बारीक आपोआप येते. चुकलेली कड ओल्या कापसाच्या काडीने कोरून काढावी, बोटाने पुसू नये.

अजिंक्यतारा (सातारा)

आमच्याकडे द्राक्षे नाहीत, पण पाचगणीच्या बाजूला सिल्व्हर ओक भरपूर आहेत आणि रीथसाठी त्यांच्या पानांइतके चांगले पान मला दुसरे माहीत नाही. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. पान नेच्याच्या पानासारखे कातरलेले, वरून गर्द हिरवे आणि खालून रुपेरी असते. जुडी बांधताना काही पाने मुद्दाम उलटी ठेवली तर रंगाचा किंवा चमकीचा एक थेंबही न वापरता हिरवा आणि चंदेरी असे दोन रंग मिळतात. वाळल्यावर हिरवा भाग तपकिरी होतो, रुपेरी भाग मात्र बराच टिकतो.

महाबळेश्वर-पाचगणीला सहलीला जाणाऱ्यांना एक विनंती आहे. हा सर्व परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. रीथसाठी रस्त्याकडेच्या किंवा जंगलातल्या फांद्या तोडू नयेत. वाऱ्याने पडलेली पाने आणि खासगी बंगल्यांच्या आवारातली छाटणी विचारून घेतली तरी गरजेपुरता माल सहज मिळतो.

नीलगिरीची पाने टिकवायची असतील तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी असे मिश्रण बरणीत घेऊन त्यात ताज्या फांद्यांचे देठ ठेचून उभे ठेवावेत. दोन-तीन आठवड्यांत पाने ते शोषून घेतात, किंचित काळपट होतात, पण लवचीक राहतात आणि पुढे चुरा होत नाहीत. म्हणजे नाताळासाठी हे काम नोव्हेंबरच्या अखेरीसच सुरू करावे लागेल.

मिशन कंपाउंड (मिरज)

नाताळात आमच्या घरी करंज्यांचे पीठ मळण्याआधी रीथ दारावर चढलेली असते, त्यामुळे हा धागा पाहून विशेष आनंद झाला. येथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. दारावर उभी टांगायची रीथ वेगळी आणि आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात) टेबलावर आडवी ठेवायची मेणबत्त्यांची रीथ वेगळी. दुसऱ्या प्रकाराची सुरुवात जर्मनीत हॅम्बुर्ग येथे झाली. योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये आपल्या आश्रमातील मुलांना नाताळ किती दिवसांवर आला ते कळावे म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल. आता बहुतेक ठिकाणी चार रविवारांच्या चारच मेणबत्त्या उरल्या आहेत. द्राक्षाच्या वाळक्या काड्या आणि सुरूच्या सुया म्हणजे सरपणच, तेव्हा या धाग्यातल्या कड्यावर मेणबत्ती कृपया कोणीही लावू नये.

मात्र मेणबत्त्यांचे काम खडूफळा करू शकतो. आगमनकाळाच्या चार रविवारांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती हे चार विषय पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत ठरलेले आहेत. आम्ही दर रविवारी उपासनेहून आल्यावर फळा पुसून त्या आठवड्याचा शब्द लिहितो आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळी ‘शुभ नाताळ’ लिहितो. घरातली मुले कोणता शब्द कोणी लिहायचा यावरून भांडतात, तेवढा भाग सोडला तर ही पद्धत फार चांगली आहे. चारही शब्द आखूड असल्यामुळे १५ बाय २० च्या फळ्यावर लांबून वाचता येतील एवढी मोठी अक्षरे बसतात. ‘शांती’वरचा अनुस्वार आणि ‘प्रीती’च्या वेलांट्या यांसाठी मात्र वरचा भाग मोकळा सोडावा लागतो, हे पाटीवाल्या सरांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

माणदेश (आटपाडी)

आमच्याकडे ब्लॅकबोर्ड पेंट मिळत नाही आणि मिळाला तरी मोठा डबाच घ्यावा लागतो. घरगुती उपाय आहे का? शिवाय साखरेच्या पाण्यात बुडवलेल्या खडूने लिहिले की अक्षर पक्के बसते असे वाचले आहे. ते खरे आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

एकेक उत्तर देते.

घरगुती रंग करता येतो. काळा किंवा गडद हिरवा अ‍ॅक्रिलिक रंग एक वाटी आणि त्यात टाइलच्या फटी भरण्याचे सिमेंटचे बारीक ग्राउट दोन मोठे चमचे, असे प्रमाण घ्यावे. ग्राउट वाळूविरहित असले पाहिजे आणि इपॉक्सीचे मुळीच नसावे. गुठळ्या मोडेपर्यंत घोटून लगेच लावावे, कारण ते मिश्रण घट्ट होऊ लागते. म्हणून लागेल तेवढेच करावे. वाळल्यावर पॉलिश पेपरचा हलका हात फिरवावा. या रंगाचा पृष्ठभाग तयार पेंटपेक्षा थोडा खरखरीत होतो आणि खडू त्यावर उलट अधिक चांगला धरतो. पुडीने भरून घेणे येथेही आवश्यक आहे.

साखरेच्या पाण्याने अक्षर ठळक होते आणि झटकल्याने उडत नाही, हे खरे आहे. परंतु दार उघड्या ओट्यावर असेल तर त्या अक्षरांवर मुंग्यांची रांग लागते. खडू साध्या पाण्यात क्षणभर बुडवून लिहिले तरी चालते. ओले असताना अक्षर पुसट दिसते, वाळले की पांढरेशुभ्र होते आणि कोरड्या खडूपेक्षा पूड कमी गळते. खडूसारखे दिसणारे द्रवरूप मार्कर मिळतात, पण ते काचेसाठी किंवा गुळगुळीत पृष्ठभागासाठी ठीक आहेत. आपल्या रंगाच्या सच्छिद्र फळ्यावर त्यांचे अक्षर निघता निघत नाही. ज्यांना दर रविवारी शब्द बदलायचा आहे त्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

द्राक्षबाग यांनी खरडछाटणीच्या काड्यांचे जे सांगितले आहे ते फार मोलाचे आहे. ज्यांच्या ओळखीत बाग आहे त्यांनी एप्रिलमध्येच चार-सहा लांब काड्या मागून, त्यांची सैल वेटोळी करून ठेवावीत, म्हणजे वाळल्या तरी त्यांना गोलाईची सवय झालेली असते.

नवखी (इस्लामपूर)

आमच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचे दुसरे दार आहे. रीथ आतल्या लाकडी दारावर लावली तर दिसत नाही, आणि जाळीवर लावली तर दार उघड-झाक करताना ती आपटते. याला काय करावे? हेच कडे पुढे दिवाळीलाही वापरता येईल का?

कृष्णाकाठ (सांगली)

जाळीच्या दारावर रीथ एका खिळ्यावर टांगल्यासारखी टांगू नये. कड्याच्या मागून घड्याळातल्या बारा, चार आणि आठ या तीन जागी बाइंडिंग तार ओवून ती जाळीच्या गजांना घट्ट पिळावी, म्हणजे दार कितीही आपटले तरी कडे जागचे हलत नाही. तारेचा पीळ घराच्या आतल्या बाजूस येऊ द्यावा आणि त्याचे टोक वळवून दाबावे, नाहीतर येता-जाता साडीचा पदर त्यात अडकतो. बाहेरून कडी-कोयंडा कुठे आहे ते पाहून कडे त्याच्या किमान वीतभर वर बांधावे. दार सरकते असेल तर भिंत आणि दार यांच्यामधली फट आधी मोजावी. तीन बोटांपेक्षा कमी असेल तर पानांची जुडी सरकताना चिरडते, अशा वेळी दाराशेजारच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या गजांना बांधलेले बरे.

दिवाळीला नक्कीच वापरता येईल. सुरू काढून आंब्याची पाने आणि झेंडू लावावेत. झेंडू दोन दिवसांत माना टाकतो, म्हणून तो तारेने न आवळता दोऱ्यात ओवून कड्याभोवती गुंडाळावा, म्हणजे बदलायला सोपे जाते. ओल्या फुलांचे पाणी फळ्यावर ओघळून अक्षरे बिघडतात, त्यामुळे फुले कड्याच्या खालच्या अर्ध्या भागातच ठेवावीत.